नळीच्या तोंडाशी संपणारी मालकी

माझ्या पहिल्या गाडीचा मूळ सायलेन्सर उतरवून मी त्या जागी जाड व्यासाची सरळ नळी बसवली, त्या संध्याकाळी गाडी वेगळीच वाटली. पाय दाबला की छातीत घुमायचं. पिकअप वाढलाय याची मला खात्री होती आणि भेटेल त्याला मी ते सांगत होतो. काही आठवड्यांनी एका बंद धावपट्टीवर मित्राने घड्याळ लावलं. जुन्या सायलेन्सरवर शून्य ते शंभरचे तीन आकडे वहीत लिहिलेले होते. नव्या नळीचे तीन त्यांच्या शेजारी लिहिले. एकाच नळीवरच्या दोन धावांमध्ये जेवढं अंतर पडत होतं, तेवढंही दोन नळ्यांमध्ये नव्हतं. उलट दुसऱ्या गिअरमध्ये, खालच्या आरपीएमवरून (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) गाडी उचलताना, ती आधीपेक्षा जड झाली होती.

ते सहा आकडे मी कधी विसरलो नाही. माझ्या कानांनी मला सांगितलं ते घड्याळाला दिसलं नव्हतं. तेव्हापासून एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या आणि सायलेन्सर, बदलण्याच्या वादात दोन्ही बाजूंचं ऐकताना मला अस्वस्थ व्हायला होतं. एक बाजू म्हणते, गाडी माझी, पैसे माझे, नळी कुठली लावायची ते मी ठरवणार. दुसरी म्हणते, कारखान्यातून आली तशीच गाडी चालली पाहिजे, बोल्टलाही हात लावू नका. मला दोन्ही पटत नाही. इंजिनाचा श्वास मोकळा करणं ही अस्सल विद्या आहे आणि ती शिकण्याचा, करून पाहण्याचा हक्क माणसाला असला पाहिजे. पण मालकी गाडीची असते. नळीच्या तोंडातून जे बाहेर पडतं, तो धूर आणि तो आवाज, त्यावर मालकी कुणाचीच नसते. ते ज्याच्या नाकाकानांत जातं त्याचं त्याला सोसावं लागतं. नियम या रेषेवर उभा राहायला हवा, सुटा भाग कुठल्या कंपनीचा आहे यावर नाही.

आधी विद्येबद्दल बोलतो, कारण ती समजली नाही तर पुढचा वाद नुसत्या आवडीनिवडीचा होतो.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच चाकांकडे जाण्याजोगं काम करतो. दुसरा तेवढाच कूलंटमध्ये जातो आणि तिसरा एक्झॉस्टमधून तापलेल्या वायूच्या रूपाने निघून जातो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पिस्टन अजून पूर्ण खाली पोचलेलाही नसतो आणि सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट दाब असतो. वायू नळीत घुसतो तो संथ प्रवाहासारखा नाही, धक्क्यासारखा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला असे १०० धक्के बसतात. प्रत्येक धक्क्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून पळत सुटते. नळी जिथे एकदम रुंद होते, म्हणजे चार नळ्या जिथे एकत्र येतात तिथे, ती लाट उलटते आणि कमी दाबाची लाट होऊन माघारी येते. ती परतीची लाट एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटायच्या आत, ताजी हवा घेणारा इनटेकचा व्हॉल्व्ह नुकताच उघडत असताना पोचली, तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताज्या हवेला आत यायला हात देते.

सिलिंडरांतून निघून एकत्र येणाऱ्या या नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात, आणि तो बनवणाऱ्या कारागिराचं सगळं कसब या वेळ साधण्यात आहे. तापलेल्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ५०० ते ६०० मीटर असतो. ८० सेंटिमीटरच्या नळीत लाट जाऊन परत यायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. ६००० आरपीएमवर तेवढ्या वेळात क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा दांडा) शंभरेक अंश फिरलेला असतो, ३००० वर त्याच्या निम्मा. म्हणजे एकाच लांबीची नळी एका आरपीएमला मदत करते आणि दुसऱ्याला आडवी येते. चार नळ्या थेट एकीत आणल्या तर बहुधा वरच्या आरपीएमला फायदा होतो. चाराच्या दोन आणि दोनाची एक केली, आणि १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरमध्ये (सिलिंडर पेटण्याच्या क्रमात) पहिल्याची जोडी चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी लावली, तर मधल्या आरपीएमचा टॉर्क (गाडी ओढण्याचा जोर) सुधारतो. फुकटात काहीच मिळत नाही. एकीकडून घेऊन दुसरीकडे द्यावं लागतं.

नळीच्या आकारात किती ताकद दडलेली असते याचा सर्वांत सुंदर दाखला मोटरसायकलच्या जगातला आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने १९५०च्या दशकात टू-स्ट्रोक इंजिनासाठी एक्स्पान्शन चेंबर घडवला. आधी रुंद होत जाणारी आणि मग पुन्हा अरुंद होणारी ती नळी निसटू पाहणारं ताजं मिश्रण लाटेच्या जोरावर सिलिंडरमध्ये परत ढकलायची. १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि सुझुकीकडे गेला. त्याच्याबरोबर ते ज्ञानही गेलं. नळीच्या आकाराचं ज्ञान इतकं मोलाचं होतं. म्हणून एक्झॉस्टचं काम हा नुसता टवाळ पोरांचा खेळ आहे, असं कुणी म्हणालं की मला ते लागतं.

पण हीच विद्या नीट समजून घेतली की बाजारातल्या बहुतेक दाव्यांची हवा निघते.

‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर (नळीतल्या अडथळ्याने येणारा उलटा दाब) लागतंच’ हे वाक्य गॅरेजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. ते जसंच्या तसं खरं नाही. अडथळा इंजिनाला कधीच उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो वायूचा वेग आणि लाटेची वेळ. नळी गरजेपेक्षा जाड केली की वेग मंदावतो, वायू निवतो, लाट विस्कटते आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो. माझ्या दुसऱ्या गिअरमध्ये जे झालं ते हेच. लोक म्हणतात बॅक प्रेशर गेलं म्हणून गाडी जड झाली. गेला होता तो वेग.

दुसरा दावा मायलेजचा. नळीतला अडथळा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह एक चतुर्थांश असेल तर अडथळा सोळाव्या हिश्शावर येतो. रोजच्या वापरात, रहदारीत किंवा सरळ रस्त्यावर एका लयीत चालताना, इंजिन आपल्या क्षमतेच्या थोड्याशाच भागावर चालत असतं. त्या वेळी मूळ सायलेन्सरचा अडथळा जवळपास नसल्यासारखाच असतो. जो अडथळा नाहीच तो काढून इंधन कसं वाचणार? तो काढल्याचा फायदा दिसायला पाय पूर्ण दाबलेला हवा आणि काटा वर गेलेला हवा, आणि तसं आपण दिवसातून किती सेकंद चालवतो?

टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या आजच्या गाडीत नुसता मागचा सायलेन्सर बदलून जे काही मिळतं ते बहुतेक वेळा डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) दोन फेऱ्यांमधल्या फरकात हरवून जाईल इतकं असतं. हवा किती गरम होती, तेल किती तापलं होतं, टायरमध्ये दाब किती होता, यानेही आकडा तेवढा हलतो. टर्बो गाडीची गोष्ट वेगळी आहे, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टर्बाइन फिरतो तो पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. त्याच्या मागचा डाउनपाइप मोकळा केला की टर्बो लवकर जागा होतो आणि वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास अडत नाही. पण तिथेही ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, आपल्या ठरलेल्या बूस्टलाच (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबालाच) धरून राहतो. रिमॅप केल्याशिवाय, म्हणजे त्या संगणकातली आज्ञावली बदलल्याशिवाय, त्या मोकळेपणाचा मोठा भाग वापरलाच जात नाही, आणि रिमॅप बेजबाबदारपणे केला तर पिस्टन वितळेपर्यंत गोष्ट जाते.

आता कॅटकडे, म्हणजे धुरातलं विष मारणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे, येतो. माझा सगळ्यांत मोठा राग इथे आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपोआप गाड्यांखाली आला नाही. फ्रेंच अभियंता यूजीन हुद्री याने अमेरिकेत शहरांवरचा धूर पाहून १९५०च्या दशकात त्यावर काम केलं, पण पेट्रोलमधल्या शिशाने उत्प्रेरक निकामी व्हायचा, म्हणून ते अडून राहिलं. अमेरिकेत १९७०चा स्वच्छ हवा कायदा झाला, शिसं नसलेलं पेट्रोल आलं, आणि १९७५च्या मॉडेलांपासून तिथल्या बहुतेक गाड्यांना कॅट बसला. पुढे ऑक्सिजन सेन्सर आला आणि व्हॉल्व्होने १९७७च्या मॉडेलमध्ये तीनही विषारी घटकांवर एकाच वेळी काम करणारा कॅट आणला. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर दिलेली ती जाळी तापली की कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांतला ९० टक्क्यांहून जास्त भाग निरुपद्रवी करते. हा आकडा उलटा वाचून पाहा. कॅट काढलेली एक गाडी चांगल्या स्थितीतल्या दहा गाड्यांइतकं विष सोडते. तिच्या मालकाला त्याचा वासही येत नाही, कारण तो पुढे निघून गेलेला असतो.

२०१५ साली फोक्सवॅगनची डिझेल गाड्यांमधली लबाडी उघडी पडली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारी आणि रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं कायद्याच्या ४० पटींपर्यंत सोडणारी ती प्रणाली पाहून जग खवळलं, आणि ते बरोबरच होतं. पण कॅट काम करतो का हे पाहणारा मागचा ऑक्सिजन सेन्सर फसावा म्हणून त्याखाली स्पेसर (सेन्सरला धुरापासून दूर धरणारा तुकडा) घालून कॅट काढून टाकणारा माणूस नेमकं काय वेगळं करतो? यंत्राला ‘सगळं ठीक आहे’ असं खोटं सांगायचं, चेक इंजिनचा दिवा लागू द्यायचा नाही आणि विष दुसऱ्याच्या फुप्फुसात जाऊ द्यायचं. आपण एकटेच आहोत, एका गाडीने काय होतं, ही समजूतही टिकत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली काढलेल्या अंदाजानुसार तिथे दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची धूर आवरणारी यंत्रणा काढून टाकली गेली होती, आणि त्या ट्रकांनी त्यांच्या आयुष्यात सोडायच्या जादा नायट्रोजन ऑक्साइडांचा हिशेब ५,७०,००० टनांवर जात होता. साडेपाच लाख वेळा कुणीतरी हेच म्हटलं असणार की माझ्या एकट्याने काय होतं.

आणि यातून मिळतं काय? जुन्या कॅटची जाळी घट्ट होती, त्यामुळे ती काढल्यावर खरंच फरक पडायचा; ती आठवण आजही सांगितली जाते. पण ज्याला खरोखर प्रवाह मोकळा हवा आहे, त्याला आज धातूच्या जाळीचा कॅट मिळतो. मूळ कॅटमध्ये चौरस इंचाला ४०० ते ६०० छिद्रं असतात, तिथे यात २०० च्या आसपास असतात. कॅटच नसलेली नळी आणि असा चांगला कॅट यांत ताकदीचा जो फरक उरतो तो स्पर्धेत दशांश सेकंद मोजणाऱ्याला महत्त्वाचा वाटेल. रस्त्यावरच्या माणसाला तो कळणारही नाही. तेवढ्यासाठी दहापट विष सोडायचं, याला मी छंद म्हणायला तयार नाही.

आवाजाचं थोडं गुंतागुंतीचं आहे, कारण आवाज मलाही आवडतो. चांगलं इंजिन चढत जाताना जो स्वर देतं तो मला आजही थांबवतो. म्हणूनच हे लिहिणं मला सोपं नाही.

१८९७ मध्ये अमेरिकेत रीव्हज बंधूंनी इंजिनाच्या मफलरचं, म्हणजे सायलेन्सरचं, पेटंट घेतलं. म्हणजे मोटारगाडी धड रस्त्यावर आली नव्हती तेव्हाच तिचा आवाज आवरायची गरज माणसांना कळली होती. नंतरच्या काही दशकांत अनेक गाड्यांना कट-आउट असायचा: चालकाने कळ ओढली की वायू सायलेन्सर टाळून थेट बाहेर. चढावर ताकद मिळते असं त्याचं समर्थन व्हायचं. शहरांनी त्यावर बंदी आणली. तेव्हाचा आणि आजचा युक्तिवाद शब्दाशब्दाने तोच आहे, आणि तो तेव्हाही अपुरा होता. सायलेन्सर काही इंजिनाचा गळा दाबत नाही. भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची किंवा बेसाल्टची लोकर, एवढ्यानेही वायू जवळपास विनाअडथळा जातो आणि आवाज शोषला जातो. खालचा घुमणारा स्वर मारण्यासाठी हिशेबाने काढलेला रेझोनेटर (पोकळ डबा) लावता येतो. शांत आणि मोकळा एक्झॉस्ट बनवता येतो. त्याला जागा लागते, डोकं लागतं आणि खर्च येतो, एवढंच. कर्कश नळी स्वस्त असते. तिच्यात ताकद जास्त असते असं नाही.

डेसिबलचा हिशेब लोकांना फसवतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रस्त्याच्या आवाजाची रात्रीची सरासरी ४५ डेसिबलच्या खाली ठेवायला सांगितली आहे, कारण त्यावरच्या आवाजाने झोप बिघडते. सरळ नळीची एक गाडी मध्यरात्री एका लांब रस्त्यावरून रेस देत गेली तर किती खिडक्यांमागची माणसं दचकून उठतील? त्यात आजारी माणूस असेल, रात्रपाळी करून नुकतंच अंग टाकलेलं कुणी असेल, तासाभराच्या प्रयत्नाने झोपवलेलं बाळ असेल. एक्झॉस्टचा आवाज खालच्या पट्टीतला असतो आणि खालचा स्वर भिंतीला आणि काचेला जुमानत नाही. त्या माणसांनी गाडी विकत घेतलेली नाही, नळी निवडलेली नाही, आणि चालकाला झालेला आनंद त्यांच्या वाट्याला येत नाही.

मोठ्या आवाजामुळे आपण सुरक्षित राहतो, असंही सांगितलं जातं. नळीचं तोंड मागे असतं आणि धोका बहुतेक वेळा समोर. समोरच्या बंद काचेच्या गाडीत आवाज पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. इशारा द्यायला हॉर्न आहे; तो लागतो तेव्हाच वाजतो.

ताकदीचा प्रश्न खरा असता तर निदान शर्यतीच्या ट्रॅकवर तरी आवाजाला मोकळीक असती. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर वर्षातल्या बहुतेक दिवशी ९० डेसिबलच्या आसपासची मर्यादा असते. मर्यादेत न बसणाऱ्या गाडीला बाहेर काढतात. लोक तिथे सायलेन्सर लावून येतात आणि तरीही वेगाने पळतात.

मग नियम कसा असावा? मी म्हणतो, नळीच्या तोंडापाशी मोजा. मूळ सायलेन्सर बदलला एवढ्यावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवू नका. त्याने घडवलेला हेडर, त्याने निवडलेला कॅट, त्याने स्वतः वेल्ड केलेली नळी आत काय करते हे त्याचं आहे. कॅट जागेवर आणि चालता हवा, धुराचा आकडा गाडी ज्या वर्षीची आहे त्या वर्षीच्या मर्यादेत हवा, आवाज ठरलेल्या रेषेखाली हवा. एवढं असेल तर त्याला बिनधास्त जाऊ द्या. कॅलिफोर्नियात सुट्या भागाने धूर वाढत नाही हे चाचणीत दाखवलं की त्याला मान्यतेचा क्रमांक मिळतो आणि तो कायदेशीर होतो. ही वाट योग्य आहे. नुसती बंदी घातली की प्रामाणिक कारागीर मागे हटतो आणि चोरून कॅट कापणाऱ्याचा धंदा चालतो.

आणि हीच फूटपट्टी कारखान्यांनाही लावा. महागड्या स्पोर्ट्स गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये झडपा असतात. ठरावीक वेगाच्या चाचणीत त्या मिटलेल्या राहतात आणि एरवी बटण दाबलं की उघडतात. संयुक्त राष्ट्रांच्या आवाजाच्या नियमांत यासाठीच चाचणीबाहेरच्या स्थितीतलाही आवाज तपासायची तरतूद नंतर घालावी लागली. श्रीमंत माणसाच्या गाडीतला कारखान्याचा आवाज चालतो आणि पोराने गॅरेजमध्ये लावलेली नळी चालत नाही, असा नियम कुणाला न्याय्य वाटणार नाही आणि कुणी तो मनापासून पाळणारही नाही. पॅरिस आणि परिसरात २०२२ पासून आवाज पकडणाऱ्या रडारांचे प्रयोग झाले. ते यंत्र नळीवर छाप कुणाची आहे हे पाहत नाही, डेसिबल पाहतं. मला हे आवडतं.

विकणाऱ्यांवरही एक बंधन हवं. ‘अमुक अश्वशक्ती वाढेल’ असं सांगायचं असेल तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख पूर्ण छापा, खालच्या आरपीएमपासून, आणि शेजारी डेसिबलही लिहा. शिखराचा एकच आकडा दाखवून दरी लपवायची, हे थांबलं पाहिजे. पाय काढल्यावर फटाफट फुटणारे रिमॅप विकणाऱ्यांनी तर गिऱ्हाईकाला हेही सांगावं की तो आवाज इंधन सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये जळल्याचा आहे, त्याने कॅट जळतो आणि गाडी एक तसूभरही वेगात जात नाही.

माझ्या त्या गाडीचा मूळ सायलेन्सर मी फेकला नव्हता. सहा महिन्यांनी तो परत चढवला आणि पुढे पैसे साठवून चाराच्या दोन, दोनाची एक असा हेडर लावला, कॅट आणि मागचा सायलेन्सर होते तसे ठेवून. आवाज जेमतेम बदलला. घड्याळात मात्र या वेळी फरक दिसला. थोडाच, पण तीनही धावांत. तुमच्या गॅरेजच्या कोपऱ्यात काढलेला कॅट पडून असेल तर तो परत बसवायला एक सुट्टीची सकाळ पुरते. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडा, आणि गॅस्केट नवंच घ्या. जुनं पुन्हा लावलं की जोड गळतो, बाहेरची हवा आत खेचली जाते आणि ऑक्सिजन सेन्सर चुकीचं वाचायला लागतो.